गळकी गच्ची: गवंड्याचा कोबा की स्वतः मारलेलं कोटिंग?

ब्रिकबॅट कोब्याला, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बसवून गच्चीवर केलेल्या थराला, मुरलेला गवंडी लागतो. अ‍ॅक्रिलिक कोटिंग, म्हणजे रंगासारखा मारायचा पाणी अडवणारा थर, घरच्या घरी मारता येतं. टिकण्याच्या बाबतीत चांगला जमलेला कोबा पुढे आहे, यात वाद नाही. पण करणाऱ्याचा हात कच्चा असेल तर काय होतं, हे निवड करताना आधी पाहावं.

कोब्यात विटांच्या तुकड्यांमधले सांधे मसाल्याने खालपर्यंत भरावे लागतात. ढाळ साधारण 100 ला 1 आणि कठड्याला फूटभर उंच वाटा (कोपरा मसाल्याने भरून काढलेली गोलाई) हवा. विटा आधी भिजवल्या नाहीत तर त्या मसाल्यातलं पाणी ओढून घेतात आणि पकड सुटते. वरून घोटलेलं काम मात्र सुरेखच दिसतं. मग पावसात पाणी एका भेगेतून शिरतं, विटांखालून फिरतं आणि भलत्याच खोलीच्या छतातून ठिबकतं. फोडायचं नेमकं कुठे, हे कोणीच सांगू शकत नाही. माझा कौल इथेच ठरला. शिवाय चार-साडेचार इंचांचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार. जुना कोबा न काढता त्यावर दुसरा घालणं तर नकोच.

कोटिंगमध्येही नवखा चुकतो, पण चूक डोळ्यांसमोर राहते. ओलसर स्लॅबवर मारलं की फोड येतात. म्हणून आदल्या रात्री प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून ठेवावा. सकाळी खाली थेंब दिसले तर थांबावं. शेवाळ तारेच्या ब्रशने काढावं. भेग छिन्नीने व्ही आकारात उघडून पॉलिमर मसाल्याने भरावी, खळगेही तेव्हाच बुजवावेत, कारण साचलेलं पाणी अ‍ॅक्रिलिकला सोसत नाही. प्राइमरनंतर दोन हात, एक उभा, एक आडवा. कोपऱ्यांवर आणि भरलेल्या भेगांवर मध्ये फायबरची जाळी. मे महिन्यात भर दुपारी मारू नये, तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते आणि आत बुडबुडे राहतात. डबा पुरवायचा म्हणून हात पातळ ओढणं, ही नेहमीची चूक.

काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, हे खरं. खात्रीचा कोबेवाला मिळाला आणि तो 7 दिवस पाणी साठवून दाखवायला तयार असेल, तर कोबा जरूर करावा. तसा माणूस नसेल तर कोटिंग बरं वाटतं: फोड आला तेवढाच भाग कापून, सुकवून, जाळीसकट ठिगळ लावता येतं.