०.५ ते १० मायक्रोलिटरचं मायक्रोपिपेट: २ च्या खाली जपून

मायक्रोपिपेट म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं उपकरण. हवेच्या उशीवर चालणारं (दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवा असलेलं), आकडा फिरवून बसवायचं हे पिपेट ५ ते १० मायक्रोलिटरला बिनधास्त वापरावं. खरी कसोटी खाली लागते. आयएसओ ८६५५ या पिपेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १० मायक्रोलिटरला १.२ टक्के चूक चालते, म्हणजे ०.१२ मायक्रोलिटर. तेवढीच चूक १ मायक्रोलिटरला झाली की ती १२ टक्के!

आकडा कमी करताना थेट खाली यावं. वाढवताना थोडं पुढे नेऊन मग मागे यावं, म्हणजे स्क्रूची ढिलाई मोजमापात येत नाही. टिप, म्हणजे पुढची बदलायची नळी, द्रवात १ ते २ मिलिमीटरच बुडवावी. जास्त बुडवली की बाहेरून थेंब चिकटून येतो, आणि १ मायक्रोलिटर घेताना तो थेंबच घेतलेल्या द्रवाइतका भरू शकतो. सोडताना टिप भांड्याच्या भिंतीला टेकवावी. हवेत धरून एवढासा थेंब पडतच नाही.

ग्लिसरॉल या दाट, चिकट द्रवातलं एन्झाइम मात्र याला झेपत नाही. दट्ट्या झटकन सोडला तर द्रव मागे राहतो नि हवा वर चढते. हळू सोडून टिप क्षणभर आतच ठेवावी. रोजचंच काम असेल तर द्रवाला दट्ट्या थेट टेकणारं पिपेट घ्यावं, टिपा महाग पडल्या तरी.

पिपेटचं माप पाणी वजन करून तपासायचं तर ०.००१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा, शिवाय बाष्पीभवन रोखायला ओलसर झाकण. ग्रॅमची चार दशांश स्थळं, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, दाखवणारा साधा काटा इथे निरुपयोगी. पिपेटमधलं हवा अडवणारं सील बदलणं सोपं आहे, पण त्यानंतर कॅलिब्रेशन (माप पुन्हा तपासून जुळवणं) टाळू नये.