हिवाळा बोटीवर काढायचाय? बॉस्टन की सिअ‍ॅटल, दोन्हीकडे राहून मांडलेला हिशेब

बॉस्टनच्या चार्ल्सटाउनमध्ये दोन आणि सिअ‍ॅटलला एक, असे तीन हिवाळे मी शिडाच्या बोटीवर राहून काढले. बॉस्टनची बोट ३४ फुटी, सिअ‍ॅटलची ३२. दोन्ही फायबरग्लासच्या, दोन्ही जुन्या. दर ऑक्टोबरात ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "जमेल का रे आपल्याला?" जमतं. पण कुठे, यावर बरंच काही ठरतं.

कागदावर बघितलं तर प्रश्नच मिटतो. जानेवारीच्या रात्री बॉस्टनचा पारा सरासरी उणे ५ च्या आसपास जातो, सिअ‍ॅटलचा शून्याच्या वर, २-३ अंशांवर राहतो. एकीकडे बर्फ, दुसरीकडे नुसती भुरभुर. मीही याच हिशेबाने सिअ‍ॅटलला गेलो आणि पहिल्या दीड महिन्यातच चुकलो की काय असं वाटायला लागलं.

बॉस्टन: प्लास्टिकच्या आतली ओसरी

बॉस्टनला नोव्हेंबरचे एक-दोन शनिवार-रविवार बोट गुंडाळण्यात जातात. डेकवर पाइपांचा सांगाडा उभा करायचा, वर जाड प्लास्टिक टाकायचं आणि हीट गनने ते तापवून ताणून बसवायचं. याला श्रिंक-रॅप म्हणतात. एका बाजूला चेनवाला दरवाजा. प्लास्टिक पांढरं घ्यायचं की पारदर्शक, यावर धक्क्यावर हमरीतुमरी चालते. बोटीत राहणार असाल तर डोळे झाकून पारदर्शक घ्या. कारण बॉस्टनच्या हिवाळ्यात ऊन असतं. बर्फ पडून गेल्यावर आकाश लख्ख होतं, आणि बाहेर उणे ६ असताना दुपारी बारा वाजता मी प्लास्टिकखाली, कोकणातल्या घराच्या ओसरीवर बसावं तसा, बनियनवर बसून शेंगा सोललेल्या आहेत. चार वाजले की हे राज्य संपतं, पण तोवर अंथरूण-पांघरूण वाळून निघतं.

बर्फ पडला की आतूनच झाडूने प्लास्टिकला ढुसण्या द्यायच्या, म्हणजे तो घसरून पाण्यात जातो. आळस केला तर सांगाडा वाकतो. २०१४-१५ च्या हिवाळ्यात या शहरात ११०.६ इंच बर्फ पडला होता. तो विक्रम आहे, दरवर्षी तसं होत नाही. तरी झाडू हाताशी हवाच.

पाण्याची गंमत वेगळी. धक्क्यावरचे नळ थंडीत बंद होतात, नाहीतर पाइप फुटतील. आमच्या मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या गोदीत, एक लाइन समुद्राच्या पाण्याखालून टाकलेली होती. बंदराचं खारं पाणी हवेइतकं गार होत नाही, म्हणून ती गोठत नसे. आठवड्यातून एकदा दोरीला बांधलेलं नळीचं तोंड वर ओढायचं, टाकी भरायची, आणि नळी पूर्ण रिकामी करून पुढच्याला द्यायची. रिकामी करायची राहिली की दुसऱ्या दिवशी तिची काठी झालेली असते आणि अख्खा धक्का तुमच्या नावाने बोटं मोडतो. चाळीतल्या नळावरची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही.

भरती-ओहोटीचा फरक जवळपास तीन मीटर. धक्का तरंगता असल्यामुळे बोटीला त्याचं काही नसतं, पण किनाऱ्यावरून खाली येणारा उतार ओहोटीला जिन्यासारखा खडा होतो. त्यावर बर्फ असेल तर किराणा घेऊन येण्याची वेळ भरतीचं वेळापत्रक बघून ठरवायची. मी एकदा न बघता निघालो. दहा किलो तांदळासकट बसून खाली आलो.

सिअ‍ॅटल: चार महिन्यांचा आषाढ

सिअ‍ॅटलला यातलं काहीच नाही. नळ बहुतेक दिवस चालू, बर्फ क्वचित, प्लास्टिकची गरज नाही. पाऊसही आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता झिरपतो. पण कपडे वाळत नाहीत, मीठ सुटतं, पुस्तकांची पानं लाटा काढतात. कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला हा कुबट वास लगेच ओळखू येतो. फरक इतकाच, की तिथे चुलीवरच्या दोरीला कपडे टाकता येतात आणि इथे चूल पेटवली की ओल वाढते. कारण गॅस जळताना पाणी तयार होतं. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. त्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या, आमटी आणि दोन माणसांचे श्वास. ही सगळी वाफ बोटीच्या गार भिंतींवर जाऊन बसते आणि भिंतींना घाम फुटतो. डिसेंबरात मी कपाट उघडलं तर कोल्हापुरी चपलांवर हिरवी मखमल उगवली होती. गादीखालची फळी काळी पडली होती, ते मला फेब्रुवारीत कळलं.

मग बॉस्टनला असं का झालं नाही? तिथली बाहेरची हवा गार तशीच कोरडी असते. केबिनच्या छताची झडप दोन बोटं उघडी ठेवली की आतली वाफ निघून जाते आणि येणारी हवा तापली की भिंती सुकवते. सिअ‍ॅटलची हवा मुळातच ओली, वर ऊन नाही, त्यामुळे हेच काम रडतखडत होतं. तिथे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लागतोच. दुकानात मिळणारा कंप्रेसरचा प्रकार गार केबिनमध्ये नीट चालत नाही. डेसिकंट प्रकारचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा घ्या, तो थोडी ऊबही देतो. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी टाका. स्वयंपाकासाठी इंडक्शन शेगडी ठेवा आणि फोडणी घालताना वरची झडप उघडा, पाऊस आत आला तरी.

ऊब आणि वीज

इथे दोन्ही शहरं सारखीच. धक्क्यावरच्या खांबातून तुम्हाला बहुधा १२० व्होल्टची ३० अँपिअर वीज मिळते. सतत चालणाऱ्या भारासाठी त्यातले २४ धरायचे. दीड हजार वॉटचा एक हीटर १२.५ अँपिअर खातो. म्हणजे दोन हीटर लावले की २५, तिथेच मर्यादा ओलांडली, आणि इंडक्शन अजून लावायचाच आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात वायरीच्या टोकाचा प्लग तपकिरी होऊन वितळायला लागला होता. जळका वास आला म्हणून वाचलो. तेव्हापासून रोज रात्री प्लगला हात लावून बघतो.

म्हणून धुराडं बाहेर काढलेला डिझेल हीटर हवाच. बॉस्टनला थंडीसाठी आणि सिअ‍ॅटलला वादळांसाठी. नोव्हेंबर २०२४ च्या वादळात सिअ‍ॅटलच्या परिसरात लाखो घरांची वीज गेली, आमच्या धक्क्याचीही गेली. त्या रात्री शेजारचे दोघं माझ्या केबिनमध्ये चहा प्यायला आले ते सकाळीच गेले. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्हीकडे लावा, यात घासाघीस नको.

पाण्यात पडण्याच्या बाबतीतही निवड नाही. ४ अंशांचं पाणी काय आणि ८ चं काय, पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं आणि हातपाय जेमतेम दहा मिनिटं ऐकतात. रात्री धक्क्यावर एकट्याने जाताना लाइफ जॅकेट घाला आणि पाण्यातून हाताला लागेल अशी शिडी कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

जागा, आणि बोटीचं बोटपण

बॉस्टनला बऱ्याच बोटी थंडीत किनाऱ्यावर काढतात, त्यामुळे हिवाळ्यापुरती जागा मिळण्याची शक्यता बरी असते. चार्ल्सटाउनहून नॉर्थ स्टेशन चालत गाठता येतं आणि शुक्रवार-शनिवारी हेमार्केटला भाजी स्वस्त. सिअ‍ॅटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्यात सरकारी मालकीच्या पाण्यावरच्या मरिनांमध्ये राहत्या बोटींना साधारण दहा टक्क्यांची मर्यादा आहे, स्थानिक प्रशासनाने वेगळं ठरवलं नसेल तर. शहराच्या बॅलर्ड भागाजवळच्या शिलशोल बे मरिनामध्ये राहणाऱ्यांची वस्ती मोठी आहे, पण आधी तिथे निवासी जागेची चौकशी करा आणि मगच बोट विकत घ्या. लेक युनियन शहराच्या मध्यात, गोडं पाणी, भरती-ओहोटी नाही. त्याचं भाडंही त्याच तोऱ्यात असतं.

मात्र एका बाबतीत सिअ‍ॅटल सरळ जिंकतं. तिथे जानेवारीतल्या एखाद्या उघडलेल्या रविवारी दोर सोडून शीड चढवता येतं. बॉस्टनला नोव्हेंबर ते एप्रिल तुमची बोट म्हणजे प्लास्टिकमध्ये बांधलेली खोली. शीड खाली काढून ठेवलेलं, डोलकाठी तेवढी प्लास्टिकमधून वर आलेली.

तेव्हा शीड हाकायची हौस असेल आणि एकटे असाल तर सिअ‍ॅटल घ्या. दोघं असाल, रोज घरी स्वयंपाक करणार असाल, किंवा दम्याचा त्रास असेल तर मी बॉस्टनच सांगेन, बर्फासकट. मला स्वतःला पुन्हा निवडायला लावलं तर मी चार्ल्सटाउनला जाईन.

आणि कुठलीही बोट घ्यायची ती फेब्रुवारीत बघायला जा. पुढच्या केबिनची गादी उचला आणि खालची फळी हाताने चाचपा. विकणारा तोवर कॉफी देत इंजिनाबद्दल बोलत राहील, त्याला बोलू द्या.