मॅडमचा कमरेचा भोंगा: चार स्टार, पाचवा शिट्टीनं खाल्ला

नोव्हेंबरात नागपूरच्या बर्डी बाजारात मोदी नंबर दोनच्या गल्लीतून घेतला. कमरेला पट्ट्यानं बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरून गालापाशी येणारा वायरवाला माइक, टूरवाले गाईड लावतात न तसा. दुकानदारानं १४०० सांगितले, मी उठून निघाली तर ११०० वर आला, अजून खाली आला असता पण तेव्हा गळा असा बसला होता की भाव करायलाही आवाज नव्हता. कंपनीचं नाव नाही लिहीत, सगळ्या डब्यांत मालच सारखा दिसते बाप्पा.

कशाला घेतला ते ऐका आधी. आमची शाळा दोन शिफ्टची, मी सकाळच्या शिफ्टला. थंडी वाढली की सकाळची वेळ पुढे ढकलतात, ते बरोबरच आहे, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता, लेकरं कानटोपीतून नुसते डोळे दाखवत येतात. पण दुपारची शिफ्ट काही सरकत नाही, खोल्या त्यांना वेळेवरच पाहिजे, मग ३५ मिनिटांची तासिका २५ वर येते. त्यात हिवाळी अधिवेशन. सुटायच्या वेळेला मोर्चे निघतात, टेकडी रोडकडे बॅरिकेड, म्हणून व्हॅनवाले शेवटच्या तासालाच गेटवर हॉर्न वाजवत उभे. कोणी ट्रेनिंगला, कोणी मतदार यादीच्या कामाला, त्यांची तुकडी आणून माझ्याच वर्गात बसवतात, एका बाकावर चार चार. खिडक्या थंडीमुळे बंद आणि मैदानावर स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस, एकच गाणं पंधरा वेळा. संक्रांतीपर्यंत माझा आवाज असा जातो की तिळगूळ घ्या म्हणायचं तरी खुणेनं.

तर माल कसा आहे. आवाज वर्गापुरता भरपूर, मैदानावर काही कामाचा नाही. डब्यावर बॅटरी १० तास लिहिलीय, मला एक शाळा पुरते, रात्री मोबाइलच्या चार्जरवर लावून ठेवते. वजन जाणवत नाही, पण साडीवर पट्टा सरकते, ड्रेसवर बरा बसतो. खरी कटकट शिट्टीची. वही तपासायला वाकली की माइक स्पीकरच्या तोंडाशी येतो, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि अशी किंचाळी निघते की दोन्ही तुकड्या कानावर हात ठेवून हसतात. उपाय सापडला, स्पीकर पोटावर नाही, पाठीकडे फिरवायचा आणि आवाज अर्ध्यावर. हे सांगायला डब्यात कागद नव्हता, पंधरा दिवस मीच शिकत होती.

पण ह्याची खरी परीक्षा वर्गनिरीक्षणाला झाली. साहेब यायचे ते नेमके २५ मिनिटांच्या तासिकेच्या दिवशी, आणि सातवीच्या दोन्ही तुकड्या एकत्र. पाठाचं टाचण ३५ मिनिटांचं काढलेलं. विषय उष्णता, वहन. स्टीलचा चमचा आणि लाकडाचा चमचा गरम पाण्यात ठेवून दांडा धरायला लावायचा, साधा प्रयोग. शिपाईदादानं पाणी आणलं तोवर पोरांना सरकवून साहेबांना मागचा बाक देण्यात पाच मिनिटं गेली, मग पहिल्या पोरानं चमचा धरला न म्हणतो, मॅडम, दोन्ही थंडच आहे. मग काय, मी माइकवर सुटली. वहन, अभिसरण, प्रारण, सगळं एका दमात, गळा अजिबात थकला नाही.

शेरा आला: आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट, विद्यार्थ्यांना बोलण्यास संधी द्यावी.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पाणी थंड झालं त्याचं कोणी लिहिलं नाही. पण घरी भाजी निवडता निवडता वाटलं की माणूस चुकीचं नाही बोलला. आधी गळा दुखायचा म्हणून मधे थांबावं लागायचं, आणि थांबली की मी काहीतरी विचारायची, तेवढ्यात पोरं बोलायची. भोंगा आला आणि थांबायचं कारणच गेलं.

आता उत्तर द्यायचं असेल तर माइक पोराच्या हातात. पहिल्याच दिवशी एकानं सुरू केलं, यात्रीगण कृपया ध्यान दें, आणि त्याच सुरात धातू उष्णतेचे सुवाहक का ते सांगितलं, बरोबर सांगितलं. डोक्यावर मात्र लावायला देऊ नका, कानटोपीवरून घसरते आणि ओढाताणीत माइकचा काळा फोम निघून पडते. माझा पडला, झाडूत गेला. त्याच दुकानातून नवा २० रुपयांत मिळाला, पण अधिवेशनात मोर्चाच्या दिवशी गेली होती, व्हरायटी चौकातून पायी जावं लागलं. तुम्ही घेताना दोन फोम एक्स्ट्रा मागून घ्या, न कुरकुरता देतो तो.