२डी२१ थायरॅट्रॉन: सात महिन्यांच्या वापरानंतर

काम साधं: २३० व्होल्टच्या मेनवर १५ वॉटचा दिवा अर्ध-लहरीवर (प्रत्येक चक्राच्या अर्ध्याच भागात) मंद-प्रखर करणं. थायरॅट्रॉन म्हणजे वायू भरलेला, स्विचसारखा चालणारा व्हॉल्व्ह. झेनॉन भरलेला हा छोटा सात पिनांचा व्हॉल्व्ह ६५० व्होल्टपर्यंतचा पुढच्या दिशेचा (फॉरवर्ड) विद्युतदाब आणि सरासरी १०० मिलिअँपिअर पेलतो, म्हणजे ताण फारसा नाही. तरी पहिले दोन महिने दिवा थरथरत होता. दोष व्हॉल्व्हचा नव्हता, ग्रिडच्या (व्हॉल्व्ह कधी पेटायचा ते ठरवणाऱ्या जाळीच्या) सर्किटचा होता.

सुरुवातीला ग्रिडला नुसता बदलता उणे डीसी बायस (व्हॉल्व्ह रोखून धरणारा दाब) होता. त्यात मूळ अडचण अशी की अ‍ॅनोडचा (धन टोकाचा) दाब शिखरावर असताना व्हॉल्व्ह पेटला, म्हणजे करंट वाहू लागला, नाही, तर त्या अर्ध्या चक्रात पेटतच नाही. त्यामुळे १८० अंशांच्या अर्ध्या चक्रात ताबा ९० अंशांपर्यंतच. शिवाय शिखराजवळ लहर सपाट असल्यानं बायस किंचित हलला तरी पेटण्याची वेळ बरीच सरकते. ग्रिडला १ मेगओमचा रेझिस्टर होता. पेटण्याआधीचा बारीक ग्रिड-करंटही त्यावर बायस हलवतो. हीटर जास्त तापला की हे आणखी बिघडतं.

पुढचे पाच महिने पल्सवर. कायम उणे १० व्होल्ट बायस, त्यावर छोट्या पल्स ट्रान्सफॉर्मरमधून ४० व्होल्टचा, १०० मायक्रोसेकंदांचा पल्स. ग्रिडला ४७ किलोओम, ग्रिड आणि कॅथोड (ऋण टोक) यांमध्ये सॉकेटलाच लागून २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर. शील्ड ग्रिड, म्हणजे दुसरी जाळी (पिन ५ आणि ७), थेट कॅथोडला, पिन २ वर. आता पेटण्याचा कोन (चक्रातली पेटण्याची वेळ) ऑसिलोस्कोपवर खिळल्यासारखा राहतो. ४७ किलोओम कमी करायचा मोह टाळा: पेटल्यावर ग्रिड आयन ओढतो आणि तो करंट हाच रेझिस्टर रोखतो. एकदा पेटला की ग्रिडचा ताबा सुटतो, विझतो तो अ‍ॅनोडचा करंट थांबल्यावरच.

गार दिवा सुरुवातीला खूप करंट ओढतो आणि व्हॉल्व्हची कमाल मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे, म्हणून दिव्याशी ४७० ओम, ५ वॉटचा वायरवाउंड मालिकेत हवाच. हीटर ६.३ व्होल्ट, मोजायचा सॉकेटच्या पिनांवर. अ‍ॅनोडला दाब देण्याआधी किमान १० सेकंद तापू द्या. इथे ३० सेकंदांचा टायमर आहे. कॅथोड गार असताना करंट ओढला तर आयन आदळून त्याचा लेप झडतो, आणि तो परत येत नाही.

कॅथोड मेनशी जोडलेला असल्यानं स्कोप लावताना सर्किट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालवा. पेटल्यावरचा दाब ८ व्होल्टच्या आसपास हवा. महिन्यातून एकदा मोजतो, वाढू लागला की व्हॉल्व्ह बदलायचा.