टर्मिनल एकदम रिकामं करायचं की झोनप्रमाणे?

परवा सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगाव विमानतळावरून, फ्लाईट होती, चेक-इन झाल्यावर बसल्या बसल्या डोक्यात आलं की इथं आग लागली तर काय करतील, सगळ्यांना एकदम बाहेर काढतील की फक्त तेवढ्याच भागातल्यांना?

एकदम बाहेर काढणं सोपं वाटतंय, अलार्म वाजला की चला. पण सिक्युरिटीच्या आतले लोक निघणार कुठं, तर विमानं उभी असतात तिकडं, म्हणजे त्यांना आवरायला स्टाफ पाहिजेच, आणि नंतर सगळ्यांचं परत चेकिंग. साधा वडापाव करपून डिटेक्टर वाजला तरी हीच वरात!

झोनप्रमाणे म्हणजे आगीजवळच्यांनाच शेजारच्या सेफ भागात न्यायचं. गर्दी कमी, पण त्याला खर्च हाय बघा, मधे आग अडवणाऱ्या भिंती, धूर ओढणारे फॅन, आणि कन्नड-मराठी-हिंदी सगळ्यात नीट ऐकू येणारी अनाउन्समेंट, नुसता भोंगा काय कामाचा. उंच छताच्या हॉलमधे धूर वर जाता जाता थंड होतो, त्यामुळं स्प्रिंकलर, म्हणजे छतातले उष्णतेनं फुटणारे पाण्याचे फवारे, उशिरा फुटतात, म्हणून ते फॅन लागतातच.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फला 1996 मधे वेल्डिंगच्या ठिणगीनं आग लागली, धूर पसरला, 17 माणसं गेली, काहीजण तर लिफ्टनं थेट धुरातच उतरले. म्हणजे धूर अडवायची सोय नसेल तर झोनबिन विसराच.

माझं म्हणाल तर आपल्या सांबऱ्यासारख्या छोट्या टर्मिनलला सगळे एकदम बाहेर हेच बरं, बेंगळूरसारख्या अवाढव्य ठिकाणी मात्र झोन.