कर्नाटकची गाडी एमएच करून देतो म्हणाला आणि ७०,८५० रुपये घेऊन गेला

बंगळुरू, हैदराबाद, इंदूरहून बदली होऊन ठाण्यात किंवा नवी मुंबईत आलेल्या आणि गाडी सोबत आणलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये परराज्यातल्या नंबरप्लेटा रांगेने दिसतात आणि एजंट लोक त्याच बघून फिरतात.

अशाच एका एजंटने मला फसवलं. आधी त्याने घेतलेले आकडे. 'फाइल फी' ८,००० रुपये. 'रोड टॅक्स' ५८,३५० रुपये. 'निरीक्षण आणि स्मार्ट कार्ड' ४,५०० रुपये. एकूण ७०,८५०, सगळे एका खासगी माणसाच्या यूपीआयवर. खासगी कारला नवीन नंबर देण्याची सरकारी फी ६०० रुपये आहे, स्मार्ट कार्डचे २०० आणि गाडीवर कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५००. आमच्या गाडीवर कर्ज नाही. म्हणजे कर सोडला तर कागदावरचा खर्च ८०० रुपये होता.

भीती कशी घालतात बघा. 'एक महिना झाला की पोलीस जागेवर पाच हजार घेतात.' हे अर्धसत्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो, एका महिन्यात नाही. पाच हजारांपर्यंतचा दंड कलम १९२ मधला, नोंदणी नसलेल्या गाडीचा. त्याने दोन्ही एकत्र करून सांगितलं. लायसन्सही 'महाराष्ट्राचं करून देतो, ३,५०० लागतील' म्हणाला. लायसन्स देशभर चालतं, फक्त पत्ता बदलायचा असतो आणि तो सारथी पोर्टलवर २०० रुपयांत होतो. हे मला माहीत होतं, म्हणून लायसन्सला नाही म्हटलं. माणूस एका कामात धडधडीत खोटं बोलतोय हे कळल्यावर दुसरं काम त्याच्याच हातात ठेवलं, याचा राग अजून जात नाही.

कराचा आकडा मात्र खरा वाटण्यासारखा होता. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारला महाराष्ट्रात ११ टक्के कर आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. आमचं इन्व्हॉइस ७ लाख ४० हजारांचं. हिशेब जमत होता, म्हणून पैसे दिले. तुमच्यापैकी कुणीही दिले असते. हे लोक दर पाठ करूनच बसतात.

आता तो क्षण. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्याने चॅसिस नंबरवर पातळ कागद धरला, पेन्सिल घासली, ठसा घेतला आणि म्हणाला, 'झालं. गाडी आणायची गरज नाही.' तिथेच थांबायला हवं होतं. ठसा लागतो हे खरं, पण परराज्यातून आलेली गाडी निरीक्षकाला प्रत्यक्ष दाखवावी लागते, तो चॅसिस नंबर स्वतः ताडून बघतो. गाडी न दाखवता नंबर मिळत नाही.

तीन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कराची पावती आली. शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी. ती मी दोनदा उघडून बघितली. चॅसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. पावतीवर १६ होते आणि मधे इंग्रजी ओ हे अक्षर होतं. चॅसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, शून्य आणि एकाशी गोंधळ होऊ नये म्हणून. मोबाइलमध्ये ठशाचा फोटो होता. शेजारी धरून मोजायला दहा सेकंद लागले असते. मी मोजलं नाही.

अर्ज क्रमांक मिळाला की वाहन पोर्टलवर स्थिती बघा. खऱ्या अर्जाचा एसएमएस गाडीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. मला एकही आला नव्हता. आणि कर स्वतः पोर्टलवर भरा. एजंटकडून फॉर्म भरून घ्या, रांगेत उभं करा, पण कराचा एक रुपया त्याच्या खात्यात टाकू नका.

पैशांपेक्षा मोठा घोळ मूळ एनओसी (जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) आणि आरसीचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा). दोन्ही त्याच्याकडे राहिली. एनओसी मी स्वतः जुन्या आरटीओतून फॉर्म २८ भरून आणली होती. तिच्यावर कोणत्या आरटीओसाठी ती आहे ते लिहिलेलं असतं, तेव्हा घर ऐरोलीत घ्यायचं ठरत असेल तर ठाण्याच्या नावाने घाईत काढू नका. मूळ कागद स्वतः फॉर्म २७ सोबत खिडकीवर द्या. जुन्या राज्यातला उरलेला कर परत मिळतो, पण इथली नोंदणी झाल्यावर मालकाने तिथे अर्ज करायचा असतो. 'तोही मी आणून देतो' म्हणणारा खोटं बोलतोय.

मग तक्रार. आरटीओच्या खिडकीवर म्हणाले, 'आम्ही कुठल्या एजंटला ओळखत नाही.' हाच माणूस त्याच खिडकीसमोर फायली घेऊन उभा असलेला मी पाहिला आहे. पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटला होता, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, स्थानिक ठाण्यात जा. परत आलो तर 'ही देवाणघेवाणीची बाब आहे, दिवाणी दावा लावा.' चार खेपा, चार अर्ध्या दिवसांची रजा. खोटी सरकारी पावती दाखवून पैसे उकळणं देवाणघेवाण कशी होते? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) यासाठीच आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं, दखलपात्र. हद्दीचं कारण सांगितलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. मी छापील प्रत घेऊन गेलो तेव्हा कुठे लेखी अर्जावर पोच मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे खातं गोठवता येतं. मी पावतीवर विसंबून बारा दिवस वाट बघितली. तोवर खात्यात ३१२ रुपये उरले होते.

सध्या कागद हरवल्याची तक्रार देऊन डुप्लिकेट आरसीसाठी बंगळुरूला अर्ज गेला आहे. १२ महिने संपायला सात आठवडे आहेत, आणि कर पुन्हा पूर्ण भरायचा आहे.