कोलेस्टेरॉलच्या औषधांची पोटाच्या बाजूने पारख

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि अन्नावरची वासना उडाली, की सगळं खापर गोळीवर फुटतं. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या गटाबाबत ते बहुतेक वेळा चुकीच्या डोक्यावर फुटलेलं असतं. ॲटोरव्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकात भूक मंदावणं आणि वजन वाढणं, दोन्ही एकाच गटात छापलेलं असतं: हजारात 1 ते 10 जणांना होऊ शकणारे परिणाम. त्याहून जास्त आढळतात ते अपचन, मळमळ, गॅस आणि पोट साफ न होणं किंवा उलट पातळ होणं. जेवण नकोसं होतं ते बहुधा यामुळे.

वेळ बदलून यातलं बरंच निभावतं. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन शरीरात दीर्घकाळ टिकतात. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवणानंतर घेतल्या तरी गुण तेवढाच. सिमव्हास्टॅटिनचा अंमल थोडा वेळच टिकतो आणि यकृत कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं, म्हणून ती रात्रीच घ्यायची. साधी लोव्हास्टॅटिन संध्याकाळच्या जेवणासोबत, कारण अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते. डोस मात्र उगाच चढवू नये: तो दुप्पट केला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जेमतेम 6 टक्के आणखी उतरतो, पोटाच्या कुरबुरी मात्र वाढू शकतात.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या सॅमसन चाचणीत स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्यांना कधी खरी गोळी, कधी नकली गोळी, तर कधी रिकामी बाटली दिली होती. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्यातला सुमारे 90 टक्के नकली गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता. तो औषधामुळे होता असं मात्र म्हणता येत नाही.

पोटाच्या परीक्षेत खरोखर नापास होते ती कोलेस्टायरामिनची पुडी. ही राळ आतड्यातच राहून पित्ताम्लं धरून ठेवते, रक्तात उतरत नाही. त्यामुळे सगळा बोजा आतड्यावर: पोट गच्च, फुगलेलं, शौचाला कडक, दोन घास खाल्ले की पुरे. एका पुडीत 4 ग्रॅम राळ असते. ती कोरडी कधीच गिळायची नाही. 60 ते 180 मिली पाण्यात कालवावी आणि तोंडात न घोळवता प्यावी, नाहीतर दातांवर डाग पडतात. पेल्याच्या तळाशी वाळूसारखा साका उरतो, त्यात पुन्हा पाणी घालून तोही प्यायचा. इतर औषधं तिच्या 1 तास आधी किंवा 4 ते 6 तासांनी. एकत्र घेतली तर ती राळेलाच चिकटून वाया जातात. डोस लहान ठेवून सावकाश वाढवला आणि दिवसभर पाणी भरपूर प्यायलं तर निभते. तरीही पोट आधीच जड असणाऱ्याला ती सुचवू नये.

एझेटिमाइब 10 मिलिग्रॅम पोटाला बरंच सौम्य. इव्होलोक्युमॅबसारखी इंजेक्शनं पचनमार्गाला वळसाच घालतात, त्यांची तक्रार टोचल्या जागी.

गोळी सुरू असताना भूक खरोखर मेली तर आधी दोन गोष्टी बघाव्यात. त्याच सुमारास मधुमेहाचं मेटफॉर्मिन सुरू झालं का? भूक मारण्यात ते स्टॅटिनहून पुढे. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, केली आहे का? थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल चढतं, भूक मंदावते, शिवाय स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोकाही वाढतो. एकाच आजाराच्या या तीन खुणा.

भूक गेली, थकवा आला, उजव्या बरगडीखाली दुखतंय, लघवी गडद, डोळे पिवळे: इथे वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या करून घ्यायच्या. नुसतीच भूक कमी असेल तर मात्र गोळी परस्पर बंद करू नये. बंद करून बघायचीच तर डॉक्टरला सांगून, तारीख लिहून; भूक परतली की तीच गोळी पुन्हा सुरू करून बघायची. पुन्हा सुरू केल्यावर भूक मंदावली नाही, तर गोळी निर्दोष सुटली.